आधी महिनाभर रिकामी टाकी

"लेकीला मासे हवेत, कोणते आणू?" शाळेच्या फाटकापाशी, जिन्यात, हळदीकुंकवाला हा प्रश्न मला सारखा येतो. परवा तुम्हीही विचारलंत. मी म्हटलं, आधी टाकी आणा, मासे महिना-दीड महिन्याने. तुमचा चेहरा उतरला आणि बोलणं तिथेच राहिलं. म्हणून हे सविस्तर.

आमची सुरुवात चुकलीच होती. मुलाच्या सहाव्या वाढदिवसाला आम्ही काचेचा गोल बाऊल आणि दोन गोल्डफिश आणले. दुकानात खाण्याची डबी मिळाली, रंगीत खडे मिळाले. पाण्याबद्दल कुणी काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पाचव्या दिवशी एक गेला, आठव्या दिवशी दुसरा. "देवबाप्पाकडे गेले," मी म्हणाले. मुलगा रडला नाही. रात्री अंथरुणात हळूच म्हणाला, "आई, मी गुपचूप दोनदा खाऊ घातला होता. म्हणून मेले का?"

चार दिवस तो हे मनात घेऊन फिरत होता. मला त्याचं खरं उत्तर ठाऊक नव्हतं, ते शोधावं लागलं.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. नदीत तो विरून जातो. बाऊलमधल्या चार लिटरांत साठत राहतो. पाणी दिसायला नितळ असतं, आणि आत माशाचे कल्ले पोळत असतात. त्यात गोल्डफिश म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातला मासा. नीट ठेवला तर वीतभर वाढतो, दहा वर्षांहून जास्त जगतो. त्याला तो बाऊल पुरणारच नव्हता. मी मुलाला सांगितलं, "तुझ्या दोन चिमटींनी नाही गेले ते. त्यांचं घरच लहान होतं, पाणी खराब झालं होतं. ते आम्हा मोठ्यांना कळायला हवं होतं." मग त्याने विचारलं, पाणी खराब झालंय हे कळतं कसं? खरी सुरुवात तिथून झाली.

दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी घेतली. काठोकाठ भरली तर साधारण 40 लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचंच 40 किलो वजन. म्हणून ती भिंतीतल्या कडाप्प्यावर ठेवली. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, थोडी वाळू, दोन-तीन पाणवनस्पती. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी अँटिक्लोरीनचे थेंब. मासा एकही नाही.

सासूबाईंना हे कळेना. रोज विचारायच्या, "अगं, मासे कधी?" मी समजावलं: एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही माशाला विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, आणि झाडं ते खातात. हे जिवाणू स्पंजवर, वाळूवर आपोआप वसतात, पण सावकाश. त्या म्हणाल्या, "म्हणजे विरजण न घालता दही लागायची वाट बघताय." इतक्या मोजक्या शब्दांत हे मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

ते सहा आठवडे आम्हाला सगळ्यात जास्त देऊन गेले, असं मला आज वाटतं. मुलगा रोज माशांच्या खाण्याची एक चिमूट पाण्यात टाकायचा. ती कुजून अमोनिया व्हायची आणि जिवाणूंचं पोट भरायचं. दर दोन दिवसांनी आम्ही तपासणीच्या किटमधल्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचो. जो रंग येईल तो मुलगा खडूने वहीत रंगवायचा. आधी अमोनियाचा हिरवा गडद होत गेला. नंतर नायट्राइटचा जांभळा आला आणि हटेना. डिसेंबर होता, नाशिकच्या थंडीत पाणी बोट गारठवणारं. हीटर आणून पाणी 25 अंशांवर ठेवलं तेव्हा गाडी पुढे सरकली. एका सकाळी अमोनिया पिवळा, नायट्राइट फिका निळा, दोन्ही शून्य. वही घेऊन तो घरभर पळाला. दिसत नसलेल्या जिवांनी काम केलंय, हे त्याने स्वतः रंगवून पाहिलं होतं.

मग पाच गप्पी आणले. हो, हिवताप विभागवाले डासांच्या अळ्या खायला साचलेल्या पाण्यात सोडतात तेच. माझा आग्रह आहे, सुरुवात गप्पींनीच करा. पिल्लं नको असतील तर फक्त नर घ्या. ते लहान आणि जास्त रंगीत असतात. मादी अंडी घालत नाही, थेट पोहणारी पिल्लं देते, साधारण महिन्याने. आमच्याकडे पहिल्या खेपेला सतरा मोजली, आणि त्यातली काही मोठ्यांनी खाल्ली. मुलाने ते पाहिलं, सुन्न झाला. मी झाकलं नाही. दुसऱ्या दिवशी पिल्लांना लपायला जागा हवी म्हणून जावा मॉस, म्हणजे पाण्यात वाढणारं दाट शेवाळ, आणलं. जास्त झालेले मासे गोदावरीत मात्र कधी सोडू नका, कोणतेच. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा, आणि नदी हे तिथे आधीपासून राहणाऱ्या माशांचं घर आहे.

बाकी फार काही नाही. दोन मिनिटांत संपेल इतकंच खाणं. रविवारी 10 लिटर पाणी बदलायचं. काढलेलं पाणी आमच्या कढीपत्त्याला जातं. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली धुतला तर विरजणच वाहून जातं.

मागच्या दिवाळीत पहिल्या पाचांतला शेवटचा गप्पी गेला. मुलाने आधी नळी काढली, थेंब टाकले, रंग वहीशी ताडून पाहिला. "अमोनिया शून्य आहे आई. तो म्हातारा झाला होता." मग रडला, पोटभर. आम्ही त्याला कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला.

तर टाकी भरून पंप सुरू केलात की फोन करा. आमच्या स्पंजचा तुकडा कापून देईन, मग तुम्हाला सहा आठवडे थांबावं लागणार नाही. येताना डबा आणा. तुकडा आमच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून न्यायचा, वाटेत सुकू द्यायचा नाही. आणि लेकीला बरोबर आणा, वही तिला हाच दाखवेल.