१२ तारखेपर्यंत बिनबोभाट चालणारी क्वेरी

डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवला आणि महिन्याचा रिपोर्ट गंडला. सरळ एरर आली असती तर बरं, पण १ ते १२ तारखांचे आकडे निमूटपणे चुकीचे येत होते. १३ तारीख टाकली की मात्र क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) आडवी: ‘आऊट ऑफ रेंज’, म्हणजे आकडा हद्दीबाहेर. ही १२ची हद्द दिसली की समजावं, दिवस आणि महिन्याची अदलाबदल होतेय. दुष्काळात तेरावा महिना येत असेल, डेटाबेसात येत नाही.

ॲप्लिकेशन ‘०४/०३/२०२४’ अशी तारीख क्वेरीच्या स्ट्रिंगमध्येच, म्हणजे साध्या मजकुरातच, चिकटवून पाठवत होतं. एसक्यूएल सर्व्हर (आमचा डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) ती कशी वाचणार हे लॉगिनच्या, म्हणजे ज्या खात्याने आत शिरतो त्याच्या, भाषेवर ठरतं. जुन्या लॉगिनची भाषा ब्रिटिश होती, म्हणजे ४ मार्च. नव्याची यूएस इंग्लिश, म्हणजे ३ एप्रिल. ‘सेट डेटफॉर्मॅट’ ही सेटिंग एकदा डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) आणि एकदा एमडीवाय (महिना-दिवस-वर्ष) करून तीच ओळ चालवली, तेव्हा दोन्ही उत्तरं समोरासमोर दिसली.

लॉगिनची भाषा बदलून मोकळं होऊ, असं टीममध्ये सुचवलं गेलं. मला ते पटलं नाही. उद्या कुणी नवं लॉगिन काढलं की पुन्हा तेच रडगाणं. मग ‘२०२४-०३-०४’ वापरू, हे तर आंतरराष्ट्रीय रूप! इथे खरी गंमत आहे. कॉलम जुन्या डेटटाइम प्रकारचा असेल आणि सेटिंग डीएमवाय असेल, तर हीसुद्धा ३ एप्रिलच वाचली जाते. डेट किंवा डेटटाइम२ प्रकारात ती नीट वाचली जाते. डॅश न घालता ‘२०२४०३०४’ लिहिली तर सेटिंग काहीही असो, ४ मार्चच.

शेवटी स्ट्रिंग जोडणंच बंद केलं आणि तारीख डेट प्रकारच्या पॅरामीटरमधून, म्हणजे क्वेरीच्या मजकुरापासून वेगळी, पाठवली. वाचायचा फॉरमॅटच उरला नाही, तर भांडण कशाचं? दिवस आधी की महिना, ते आता फक्त स्क्रीनवर दाखवताना ठरतं.

हात लागलाच होता म्हणून ‘बिटवीन’ (या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, अशी अट) हीही काढली. शेवटच्या दिवसाचे व्यवहार सुटू नयेत म्हणून कुणीतरी ‘२३:५९:५९.९९९’ लिहून ठेवलं होतं; डेटटाइम ते राउंड करून दुसऱ्या दिवसाच्या ००:०० वर नेतो. आता १ मार्च किंवा नंतर, आणि १ एप्रिलच्या आधी, अशी सरळ अट आहे.

सगळ्यात चिवट निघाला तो एक्सेलमधून आलेला, टेक्स्ट म्हणून साठवलेला कॉलम. मजकुराची तारीख करून पाहणाऱ्या ‘ट्राय कन्व्हर्ट’ला १०३ स्टाइल (दिवस आधी) दिली की ‘०३/२५/२०२४’सारख्या ओळी नल, म्हणजे रिकाम्या, होऊन बाजूला पडतात, पण ‘०४/०३/२०२४’ दोन्हीकडून खरीच वाटते. नशिबाने प्रत्येक ओळीसोबत मूळ फाइलचं नाव होतं. ज्या फाइलमध्ये १२च्या पुढचे आकडे नेहमी दुसऱ्या जागी होते, ती अख्खी फाइल १०१ स्टाइलने (महिना आधी) वाचली. ज्या छोट्या फाइलींत असा एकही आकडा नव्हता, त्यांच्या तारखा नलच ठेवल्या आणि मूळ पावत्या मागवल्या. त्या अजून येताहेत.