मोर्जे: माँ ब्लाँच्या पायथ्याची, लाकूड न लागलेली व्हाइट वाइन

माँ ब्लाँ शिखराच्या फ्रान्सकडच्या पायथ्याला, शॅमोनीला आलेले आपले बरेच लोक केबल कारने वर जाऊन फोटो काढतात आणि जिनिव्हाला परत फिरतात. पण माँ ब्लाँच्या पोटातला 11.6 किमीचा बोगदा ओलांडून इटलीत उतरलं की कुर्मायर लागतं आणि तिथून जेमतेम दहा किमी खाली मोर्जे, वाइनची थोडी जरी आवड असेल तर या गावाला एक अख्खा दिवस द्याच.

इथलं द्राक्ष म्हणजे प्रिए ब्लाँ, बागा 900 ते 1200 मीटरवर, युरोपातल्या सगळ्यात उंच बागांमध्ये गणल्या जातात. थंडी आणि उंचीमुळे फिलॉक्सेरा ही वेलीची मुळं खाणारी कीड इथे टिकलीच नाही, म्हणून वेली अजून स्वतःच्या मुळावर आहेत, आपल्याकडे नाशिक-तासगावला डॉगरिज या दुसऱ्या जातीच्या वेलीच्या खुंटावर कलम करतात तशी गरजच पडली नाही. मांडव मात्र आपल्यासारखाच, फक्त इतका बुटका की खाली वाकून, कधी गुडघ्यावर बसून काम करावं लागतं. दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब रात्री घडांना मिळते आणि वाऱ्याचा मारही कमी बसतो.

आम्ही गेलो ती वाइनरी एकाच कुटुंबाची, बाग राखणारे काकाच टेस्टिंगला ग्लास भरतात. त्यांनी स्टीलच्या टाकीच्या तोटीतून थेट ग्लासात वाइन सोडली, काचेवर लगेच धुकं आलं, रंग इतका फिका की पाण्यात हिरवट झाक असावी एवढाच. आधी हिरवं सफरचंद, मग लिंबाची साल, मागून डोंगरातल्या गवताचा वास आणि गिळल्यावर जिभेच्या कडांना किंचित खारटपणा. ओकच्या पिंपात का नाही ठेवत विचारलं तर म्हणाले, या द्राक्षाचा वास मुळात नाजूक, लाकडाचा व्हॅनिला आला की तो मेलाच. मला हे शंभर टक्के पटलं. ज्यांना ओकवाली जड शार्डोने (ही पण व्हाइट वाइनच) आवडते त्यांना ही पातळ वाटेल, पण दुसऱ्या ग्लासापर्यंत थांबा.

आता जाणाऱ्यांसाठी. छोट्या वाइनरीत आधी ईमेल करून वेळ घ्या, दुपारी जेवणाच्या वेळेत सगळं बंद असतं आणि सप्टेंबरात तोडणी असते तेव्हा त्यांना बोलायला फुरसत नसते, जून-जुलै बेस्ट. बोगद्याचं आधी बघून घ्या, दुरुस्तीसाठी तो महिनोन् महिने बंद ठेवतात, 2024 ला सप्टेंबर ते डिसेंबर मध्यापर्यंत बंद होता. पासपोर्ट जवळ ठेवा. गाडी चालवणाऱ्याने पिऊ नये, इटलीत मर्यादा एक लिटर रक्तात 0.5 ग्रॅम अल्कोहोल आहे आणि लायसन्स तीन वर्षांहून नवं असेल तर शून्य, त्यापेक्षा कुर्मायर-आओस्ता बस पकडा.

सोबत इथलंच फोन्तिना चीज मागवा, जोडी फारच भारी जमते. व्हेज लोकांनी साधा पोलेन्ता (मक्याच्या पिठाचा घट्ट लगदा) घ्यावा, कारण फोन्तिनात वासराच्या पोटातलं रेनेट असतं आणि फोन्दुता या वितळवलेल्या चीजच्या पदार्थात अंड्याचा बलकही. चीज-ब्रेडचं सूप मागवण्याआधी विचारा, त्यात बहुतेक वेळा मांसाचं स्टॉक असतं.

भारतात दोन लिटरपर्यंत दारू ड्यूटी फ्री आणता येते, म्हणजे दोन बाटल्या आरामात, चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाका. घरी आणून कपाटात जपून ठेवू नका, ही वाइन ताजीच प्यायची, 8-10 डिग्रीला गार करून वर्ष-दोन वर्षांत संपवा.