सहा करंज आणि एका पत्राची वाट

कर्वेनगरमधल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी, फूटपाथवर सहा जुने करंज आहेत. मोठ्या रस्त्याची धूळ घरात येते, थंडीत माझ्या मुलीचा दमा बळावतो, म्हणून सोसायटीत नवी रोपं लावायचं चाललं होतं. मी हट्ट धरला, आधी हे सहा वाचवा. धूळ अडते ती पानांवर, आणि या झाडांएवढा पानांचा पसारा यायला रोपाला पंधरा-वीस वर्षं जातील. बुंधे मात्र पेव्हर ब्लॉकने आवळलेले. पाणी मुरायला जागा नाही, मुळांना हवा नाही, दोन झाडांचे शेंडे वाळत आलेले.

ब्लॉक काढून बुंध्यांभोवती आळी करायची, त्याचा खर्च म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि दोन पोती शेणखत. अडलं ते परवानगीपाशी.

जूनमध्ये महापालिकेत अर्ज दिला. खिडकीवर सांगितलं, झाड आमचं, पण ब्लॉक रस्तेवाल्यांचे. तिकडे गेले तर म्हणाले, ब्लॉक आमचे, पण झाडाजवळ खोदायचं तर झाडवाल्यांचं पत्र आणा. परत पहिल्या खिडकीवर. तिथला छापील अर्ज झाड तोडण्याचा आणि फांद्या छाटण्याचा. झाड जगवण्यासाठी रकानाच नव्हता! ‘कारण’ या रकान्यात मी ‘झाड जगावं म्हणून’ लिहिलं, तर ‘अपूर्ण’ असा शेरा मारून अर्ज परत आला. ऑगस्टमध्ये अर्धी-अर्धी रजा टाकून सहा खेपा घातल्या, त्यातल्या चार वेळा साहेब साइटवर. आळी करायचा खरा काळ पावसाळा, तो असा गेला. त्याच महिन्यात तिसऱ्या करंजाची मोठी फांदी वाळून पडली. तो राग अजून गेलेला नाही.

दिवाळीनंतर शेजारच्या काकांनी विचारलं, “पोच घेतलीस का गं?” घेतली नव्हती. तुम्ही पहिल्याच दिवशी आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. नव्या अर्जाला मी १९७५ च्या राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्याची प्रत जोडली, आणि राष्ट्रीय हरित लवादाचा २०१३ चा आदेशही. तो दिल्लीपुरता आहे, पण बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, असं त्यात स्पष्ट आहे. तरी महिनाभर शांतता. मग माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारला: माझा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे? १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. बाविसाव्या दिवशी फोन आला, पत्र घेऊन जा. जिन्यातच मला रडू आलं.

काम एका रविवारच्या सकाळी उरकलं. ब्लॉक पहारीने हळूच उचकटा, जेसीबी लावू नका, मुळं तुटतात. माती वरवरच मोकळी करायची, खत घालून पालापाचोळा पसरायचा. हो, बुंध्यावर माती चढवू नका, साल कुजते.

नवीन लावणार असाल तर अरुंद गल्लीवर दाट छत धरू देऊ नका, गाड्यांचा धूर खाली कोंडतो. अशा ठिकाणी रस्ता आणि फूटपाथ यांच्यामध्ये कमरेएवढं दाट कुंपण जास्त कामाचं.

पाच करंजांची आळी झाली. यंदा चैत्रात त्या वाळत्या शेंड्यांवरही पालवी आली. सहाव्याच्या ब्लॉकखाली विजेची केबल निघाली, म्हणून तिथले ब्लॉक तसेच आहेत. त्याचा वेगळा अर्ज सोमवारी दिला, पोच माझ्याकडे आहे.