दोन्ही काठ: रावेरखेडी ते महेश्वर, एका दिवसात

पुण्याची मावसभावंडं दोनदा रावेरखेडीला, थोरल्या बाजीराव पेशव्याच्या समाधीला, जाऊन आली आणि आम्ही इंदूरचे, इतक्या जवळ राहून, "जाऊ कधीतरी" म्हणत बसलेलो. शेवटी जानेवारीत आईनेच विषय संपवला. "माझे गुडघे चालतायत तोवर ने." मग आई, बायको आणि मी, शनिवारी सकाळी सहाला रामबागेतून गाडी काढली. पोहे डब्यात घेतले. आधी बसून पोहे-जिलेबी आणि मग निघू असं म्हणाल तर आठ वाजतात, आणि भेरूघाटात ट्रकांची रांग लागली की पुढचा सगळा दिवस कोलमडतो.

रस्ता असा: सिमरोल, बडवाह, मोरटक्क्याचा पूल, सनावद, बेडिया, रावेरखेडी. तिथून नर्मदेच्या दक्षिण काठाने कसरावद, पूल ओलांडून मंडलेश्वर, महेश्वर, आणि परत येताना जाम दरवाजाचा घाट चढून महू. बडवाहचा चिवडा जातानाच घ्या, परतताना बडवाह लागत नाही. श्रावणातले सोमवार आणि अमावास्या टाळा, ओंकारेश्वरची सगळी गर्दी मोरटक्क्यालाच वळते. पावसाळ्यात नर्मदा चढली की पूल बंदही करतात.

पुलावर आईने काच खाली करून रुपया टाकला आणि हात जोडले. तिची आजीही नर्मदा ओलांडताना असंच करायची म्हणे. शाळेत आपण घोकलेली 'नर्मदेपलीकडे उत्तर, अलीकडे दख्खन' ही वाटणी या पुलावर खरी वाटते. सातव्या शतकात पुलकेशीने हर्षाला अडवलं ते नर्मदेवर. आणि जानेवारी १७३८ मध्ये भोपाळजवळच्या दुराहा सराईला निजामाने बाजीरावाला कबूल केला तो नर्मदा ते चंबळ एवढा मुलूख. कागदावर मराठी माळव्याची सुरुवातच या पाण्यापासून होते.

बेडियाची मिरची मंडी मोठी नावाजलेली. गावाच्या दोन फर्लांग आधीच नाकाला कळतं. शेतांतून मिरची सुकायला घातलेली होती, लालभडक सतरंज्या अंथरल्यासारखी, आणि बायका तोंडाला ओढणी बांधून ती पायांनी उलटीपालटी करत होत्या. आईने दोन किलो घेतली. ती मी मागच्या सीटवर ठेवली, ही चूक. पुढचा दिवसभर तिघे पाळीपाळीने शिंकत होतो. घ्यायचीच तर बंद पिशवीत घ्या आणि डिकीत टाका.

बेडियाच्या पुढे नकाशाच्या अ‍ॅपने आम्हाला एका कापसाच्या शेतात नेऊन सोडलं. गाडी मागे घेताना मागचं चाक पाटात. दोन पोरांनी धक्का दिला आणि वर रस्ताही सांगितला. तेव्हा बेडियातच कोणाला तरी "पेशवा की समाधी" म्हणून विचारून घ्या. अ‍ॅपपेक्षा ते बरं.

समाधी नर्मदेकाठी दगडी भिंतींच्या आवारात आहे. राणोजी शिंद्यांनी ती बांधल्याचं सांगतात. शनिवारवाड्याचा थाट मनात धरून आलात तर निराश व्हाल. मला तर हा साधेपणाच आवडला. १७४० च्या सुरुवातीला निजामाचा मुलगा नासिरजंग याला नमवून बाजीरावाने मुंगी-शेवगावच्या तहात हांडिया आणि खरगोण पदरात पाडून घेतले. त्याच नव्या जहागिरीच्या बंदोबस्ताला तो इकडे आला, ज्वराने पडला आणि २८ एप्रिल १७४० ला गेला. वय ३९. निमाडचं एप्रिलअखेरचं ऊन कसं असतं ते आम्हा इंदूरकरांना सांगायला नको. आई चौथऱ्यापाशी बराच वेळ उभी होती, मग म्हणाली, "घरापासून केवढं लांब." तेवढंच.

बाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "पूना से आए?" "नहीं, इंदौर से." त्यांना आश्चर्य वाटलं. मला थोडी लाज.

इथे दुकान नाही, पाणी आणि खाणं सोबत आणा. पाण्यात उतरायचा मोह होईल, पण वर ओंकारेश्वरचं धरण आहे. पाणी सोडलं की पातळी बघताबघता चढते, त्यामुळे मुलांना खडकांवर एकटं सोडू नका. खाली महेश्वर प्रकल्प आखला तेव्हा त्याच्या बुडितात ही समाधीही जाणार होती. प्रकल्प रखडला म्हणून आपण आज इथे उभे आहोत.

कसरावदच्या अलीकडे ढाब्यावर अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी मिळाली. विचारावं लागतं, पाहुण्यांना ते आपणहून पनीरच देतात. महेश्वरच्या समोर, दक्षिण काठावर, नावडातोली. पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी तिथे ताम्रपाषाण युगातली वस्ती उकरून काढली. आज पाहायला फारसं काही नाही, त्यामुळे आम्ही थांबलो नाही.

महेश्वरला किल्ल्यातून घाटावर उतरायला पायऱ्या फार. आई वरच, अहिल्याबाईंच्या गादीपाशी बसली आणि हिला घेऊन मी खाली उतरलो. घाटाचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही विठोजी होळकरांची छत्री शोधा, बुडाशी हत्तींची रांग कोरलेली आहे. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजीला पुण्यात हत्तीच्या पायाखाली दिलं. भाऊ यशवंतरावाने ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला पेशव्यांची फौज उधळली, पेशवा वसईला पळाला आणि डिसेंबरात इंग्रजांच्या कागदावर सही करून मोकळा झाला. सकाळी एका बाजीरावाची समाधी, दुपारी दुसऱ्याने मारलेल्याची छत्री, मध्ये तीच नदी. त्या हत्तींवरून मला हात फिरवावासा वाटेना. पुढे १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी महेश्वर सोडून इंदूरला गेली आणि कारकुनी करणारे आमच्यासारखे मागोमाग गेले.

साडीसाठी बाजारात शिरण्याआधी मागावर विणताना बघा. उभं सूत रेशमी, आडवं सुती. दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो तो बुगडी काठ. लाटांच्या नक्षीला 'लहर' म्हणतात, ती नर्मदेचीच. हिने एकीचा काठ उलटून पाहिला, सुलटून पाहिला आणि लहरच घेतली. १९७९ पासून चालणाऱ्या रेहवा संस्थेचं विणकाम आवर्जून पाहा.

महेश्वरहून साडेचारला निघालात तर जाम दरवाजा उजेडात सापडतो. अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला. चढ आणि वळणं आहेत, नवशिक्याने अंधारात जाऊ नये. रविवारी इंदूरची सगळी तरुणाई तिथे सेल्फीला असते, म्हणून शनिवार बरा. इथे माळव्याचं पठार संपतं आणि खाली निमाड पसरतं. आईला शेवटच्या थोड्या पायऱ्या हात धरून चढवलं. तिने खाली बघून विचारलं, "नर्मदा कुठेशी?" मी अंदाजाने बोट दाखवलं. धुक्यात काहीच दिसत नव्हतं.

साडेआठला घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी आईने गच्चीवर मिरची वाळत घातली आणि शेजारच्या काकूंनी न बोलता खिडकी लावून घेतली.