आमची वाटचाल : वाळूजच्या शेडमधून इलेक्ट्रॉनच्या भिंगापर्यंत

वाळूज औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना सुरू झाला, तो दुचाकीच्या सुट्या भागांच्या जॉबवर्कवर. दोन लेथ आणि गंगापूरहून रोज येणारे तीन कारागीर एवढाच पसारा होता. पुढे एका प्रयोगशाळेकडून शुद्ध लोखंडाच्या पोल पीसचे, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात चुंबकीय क्षेत्र एकवटणाऱ्या तुकड्याचे, ड्रॉइंग आले आणि कामाची दिशा बदलली.

अक्षाभोवती सममित असलेले चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांसाठी भिंगाचे काम करते, हे हान्स बुश यांनी १९२६ मध्ये दाखवले. नेहमीच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्यासाठी तांब्याच्या तारेची जड गुंडाळी आणि ती थंड ठेवणारे पाणी लागते. अतिजलद, म्हणजे अत्यंत क्षणिक हालचाली टिपणाऱ्या, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मात्र लेझरच्या स्पंदाने कॅथोडमधून (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकातून) इलेक्ट्रॉनांचा पुंजका सुटतो. त्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात, त्यांच्या वेगांतही थोडा फरक असतो, त्यामुळे वाट जितकी लांब तितका हा पुंजका पसरतो आणि फेम्टोसेकंदांत, म्हणजे सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केल्यास त्यांतल्या काहींत, घडणारी हालचाल पुसट होते. वाट आखूड करायची तर भिंग लहान हवे, आणि भिंगातले इलेक्ट्रॉन जाण्याचे छिद्र लहान झाले की त्याच्या गोलाईतली थोडीशी चूकही बिंदूची रेघ करून टाकते.

पहिला लॉट परत आला. मापे अचूक होती, तरी चुंबकीय क्षेत्र कमी भरत होते. कापताना लोखंडात बसलेला ताण आम्ही काढलाच नव्हता. ही चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून आधी जाड कापणी, मग निर्वात भट्टीत ॲनिलिंग, म्हणजे ताण जाईपर्यंत तापवणे, करून सावकाश थंड करणे आणि शेवटी अगदी हलकी कापणी, हा क्रम आम्ही मोडलेला नाही.

मराठवाड्याचा उन्हाळा ही आमची खरी परीक्षा ठरली. मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश, आणि मे महिन्यात शेडमध्ये ४० अंश. एवढ्या फरकाने ५० मिलिमीटर लोखंड सुमारे १२ मायक्रॉन वाढते. म्हणून नव्या मशीनआधी आम्ही वातानुकूलित मोजणी-खोली बांधली आणि मशीनवरून उतरलेला भाग रात्रभर तिथे ठेवूनच मोजू लागलो. त्या खर्चाला घरातून विरोध झाला, पण तो निर्णय मला आजही योग्यच वाटतो.

आता गुंडाळीऐवजी कायम चुंबकांच्या भिंगांचे काम येते. सूक्ष्मदर्शकाचा निर्वात कक्ष तापवून कोरडा करताना निओडिमियम चुंबकांची साधी कडी शक्ती गमावतात, म्हणून आम्ही समेरियम-कोबाल्टचे चुंबक वापरतो. ते ठिसूळ असल्याने बसवताना कड उडते, आणि त्यावर आमच्या कारागिरांनी स्वतःच पितळी फिक्श्चर, म्हणजे भाग घट्ट धरणारा साचा, तयार केले आहे.