तुम्ही विचारलंत म्हणून : लोकलस्टोरेज पुरेसे आहे का?

जावास्क्रिप्टच्या ॲपमधील माहिती ब्राउझर बंद केल्यावरही टिकवायची असेल तर लोकलस्टोरेज (ब्राउझरमधला की आणि मूल्य अशा जोड्यांचा छोटा साठा) पुरेसे आहे का, असे नागपुरातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी मला हमखास विचारतात. जी माहिती गेली तरी कुणाचे काही अडत नाही, तिच्यापुरते ते पुरेसे आहे. निवडलेली भाषा किंवा अक्षरांचा आकार ‘सेटआयटम’ने ठेवावा, ‘गेटआयटम’ने काढावा, इतके सोपे दुसरे काही नाही.

पण समजा, कळमना बाजारातील एखाद्या अडत्यासाठी संत्र्यांच्या आवकेची नोंदवही करायची आहे. लोकलस्टोरेज फक्त स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, साठवते, त्यामुळे सगळी यादी एकाच की-खाली ठेवली, तर प्रत्येक नव्या नोंदीसाठी ती अख्खी जेसनमध्ये (माहिती मजकुरात मांडण्याची पद्धत) बदलून पुन्हा लिहावी लागते, आणि हे काम सिंक्रोनस (संपेपर्यंत बाकी सारे थांबवणारे) असल्याने यादी वाढली की पडदा अडखळू लागतो. मर्यादा आहे प्रत्येक ओरिजिनमागे (म्हणजे साइटच्या पत्त्यामागे) साधारण ५ एमबी. त्याहून वाईट म्हणजे जेसनमध्ये जाताना तारखेची स्ट्रिंग होते आणि ‘मॅप’चे (जावास्क्रिप्टमधील जोड्यांच्या संग्रहाचे) रिकामे ऑब्जेक्ट, तेही एकही एरर न येता. दोन टॅब उघडे असतील, तर एकाने वाचलेली जुनी यादी दुसऱ्याच्या ताज्या नोंदीवर लिहिली जाते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

अशा नोंदींसाठी इंडेक्स्डडीबी, म्हणजे ब्राउझरमधलाच डेटाबेस, वापरावे. ते असिंक्रोनस आहे, त्यात ट्रान्झॅक्शन आहेत (एका गटातले सगळे बदल होतात, नाहीतर एकही नाही), आणि तारीख व ‘मॅप’ जसेच्या तसे राहतात. त्याचा मूळ एपीआय किचकट आहे हे खरे (तो थेट लिहिण्याचा हट्ट मी कुणाला करू देत नाही). पण ‘आयडीबी-कीव्हॅल’ ही छोटी लायब्ररी घेतली की वापर जवळपास लोकलस्टोरेजइतकाच सुटसुटीत होतो, आणि तिच्यातील ‘अपडेट’ वाचणे व लिहिणे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करते, त्यामुळे दोन टॅबांचा घोळही मिटतो.

तरीही ‘कायम’ हा शब्द जपून वापरावा. डिस्क भरली की ब्राउझर अशी माहिती काढून टाकू शकतो. सफारी तर २०२० पासून, ब्राउझर वापरात असूनही सात दिवस एखाद्या साइटकडे वापरकर्ता फिरकला नाही, तर तिने स्क्रिप्टमधून लिहिलेले सारे पुसते. संत्र्याच्या आंबिया आणि मृग बहारांच्या मधल्या काळात नोंदवही न उघडणाऱ्या अडत्याला नेमका हाच नियम नडेल. म्हणून ‘नॅव्हिगेटर.स्टोरेज.पर्सिस्ट’ने ब्राउझरकडे माहिती टिकवून ठेवण्याची परवानगी मागावी, उत्तर ‘फॉल्स’ आले तर तसे पडद्यावर स्पष्ट सांगावे आणि नेटवर्क मिळताच प्रत्येक नोंद सर्व्हरवर पाठवावी.