गटाराच्या पाण्यात फेज सापडला, पण खरं काम त्याच्या पुढेच होतं (माझा अनुभव)

धुळ्यात राहून फेजवर काम होतं का, असं ज्युनियर पोरं-पोरी विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय. होतं. आणि फेज सापडणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे, सापडलेला फेज पेशंटला द्यायच्या लायकीचा आहे का हे तपासण्यातच खरा कस लागतो.

फेज (पूर्ण नाव बॅक्टेरिओफेज) म्हणजे फक्त बॅक्टेरियात वाढणारा व्हायरस, माणसाच्या पेशींना तो काही करत नाही, म्हणून जंतू मारायला औषधासारखा वापरायची कल्पना. १८९६ मध्ये हँकिन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात हे लिहून ठेवलं होतं, बॅक्टेरिओफेज हे नाव १९१७ ला फेलिक्स द'हेरेलने दिलं, जॉर्जियात तिबिलिसीला १९२३ पासून यावर इन्स्टिट्यूट आहे. पुढे अँटिबायोटिक आले आणि बऱ्याच जगाने हा विषय बाजूला ठेवला. मी यात पडले ते मामांमुळे. चोपड्याकडे केळीची बाग, शुगर जुनी, पायाला जखम झाली ती काही केल्या भरेचना, कल्चर रिपोर्टवर औषधांच्या नावापुढे नुसते आर, आर, आर (रेझिस्टंट, म्हणजे ते औषध चालत नाही). शेवटी अंगठा काढावा लागला. जंतू निघाला क्लेबसिएला न्यूमोनिई, म्हणून मीही तोच घेतला. एथिक्सची परवानगी काढून, पेशंटची नावं काढलेले आयसोलेट (पेशंटच्या नमुन्यांतून वेगळे केलेले जंतू) हॉस्पिटलकडून मिळाले, त्यातल्या कित्येकांना मेरोपेनेमसारख्या भारी अँटिबायोटिकच्या डिस्कभोवतीसुद्धा झोन (जंतू न वाढलेली मोकळी जागा) येत नव्हता.

पाणी घेतलं धुळ्याच्या पांझरा नदीला मिळणाऱ्या एका नाल्याचं. तिथे राहणाऱ्या एक मावशी रोज बघायच्या, शेवटी विचारलंच त्यांनी, "हाई गटारनं पाणी लिसन काय करशी व माय?" मी सांगितलं की जिथे जंतू जास्त तिथेच त्यांना मारणाराही असतो, तर त्यांना ते लगेच पटलं. पाणी सेंट्रिफ्यूज करायचं, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचं (जंतू अडकतात, फेज पलीकडे जातात), ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या द्रवात) आपला क्लेबसिएला टाकून रात्रभर वाढू द्यायचं, सकाळी परत फिल्टर, मग डबल लेयर प्लेट, म्हणजे घट्ट अगारवर जंतू आणि फेज मिसळलेल्या सॉफ्ट अगारचा पातळ थर. उन्हाळ्यात लाइट गेली की वॉटर बाथ थंड होतो आणि सॉफ्ट अगारच्या गुठळ्या होतात, तशी नळी सरळ फेकून द्या, गुठळ्यांच्या प्लेटवर प्लाक (फेजने जंतू मारून पाडलेली भोकं) मोजताच येत नाहीत.

आता प्लाककडे नीट बघणं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बॅक्टेरियाच्या दुधट थरात मधोमध स्वच्छ, आरपार दिसणारं भोक आणि त्याच्याभोवती धुरकट कडं. हे कडं बघून घाबरू नका, क्लेबसिएलाच्या अंगावर कॅप्सूलचं जाड आवरण असतं, ते फोडणारं एन्झाइम फेजसोबत येतं आणि ते अगारमध्ये पसरत जातं, त्यामुळे प्लाक तेवढाच राहतो आणि कडं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही वाढताना दिसतं. शंका घ्यायची ती मधलंच भोक धुरकट असेल तर. तिथे फेज बॅक्टेरियाला मारण्याऐवजी त्याच्या जिनोममध्ये जाऊन बसलेला असू शकतो.

माझ्याकडे असा एक होता. स्पॉट टेस्टमध्ये (जंतूंच्या थरावर फेजचा थेंब टाकून बघतात ती) तोच सगळ्यात जास्त आयसोलेटवर चालत होता, बाकीचे एखाद-दुसऱ्यावर, कारण क्लेबसिएलाचे फेज बहुतेक करून ठराविक कॅप्सूल टाइपच ओळखतात, त्यामुळे सगळ्यांचा जीव याच्यावर जडला होता. पण मधला भाग धुरकट. तिथूनच बॅक्टेरिया उचलून स्ट्रीक केले (नव्या प्लेटवर रेघा ओढून वेगळे वाढवले), त्यांच्यावर तोच फेज परत सोडला तर ढिम्म, काही परिणाम नाही. हे नुसत्या रेझिस्टन्समुळेही होऊ शकतं म्हणून मायटोमायसिन सी (जिनोममध्ये बसलेल्या फेजला बाहेर काढणारं रसायन) दिलं, तर त्या बॅक्टेरियातून फेज बाहेर पडायला लागले. संपलं. असा फेज एका जंतूचे जीन दुसऱ्यात नेऊ शकतो, त्यात रेझिस्टन्सचे जीनही आले, तो उपचारात वापरायचा नाही म्हणजे नाही. खूप वाईट वाटलं, पण फ्रीजरमध्ये बाजूला ठेवला.

उरलेल्यांतून एकेकटा प्लाक उचलून तीनदा प्युरिफाय केला. टायटर (मिलीमागे फेज किती) काढायला १० लाख पट डायल्यूशनची ०.१ मिली घेतली आणि ८० प्लाक आले तर मिलीमागे ८० कोटी फेज, इतकं सरळ गणित. वन स्टेप ग्रोथला मात्र दर पाच-दहा मिनिटांनी सॅम्पल उचलावं लागतं, एकट्याने करू नका, सोबत कुणीतरी घ्या. त्यातून फेज आत गेल्यावर किती वेळात पेशी फुटते आणि एका पेशीतून किती बाहेर पडतात ते कळतं. पीएच आणि तापमानाच्या टेस्ट झाल्या, त्यात विशेष काही नाही.

सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेतलं. इंटिग्रेज (बॅक्टेरियाच्या जिनोममध्ये घुसायला लागणारं एन्झाइम) नाही, टॉक्सिनचे जीन नाहीत, रेझिस्टन्सचे नाहीत, हे वाचलं त्या दिवशी मी मामांना फोन केला. औषध अजून लांब आहे हे त्यांना नीट समजावलं, खोटी आशा द्यायची नाही हे मी पाळते.

कारण नुसत्या एका फेजसोबत ठेवलं तर ब्रॉथ संध्याकाळी निवळतो आणि सकाळी परत गढूळ, रेझिस्टंट बॅक्टेरिया वाढलेले असतात. त्यातले काही कॅप्सूलच टाकून देतात, त्यांची कॉलनी तार धरणारी चिकट राहत नाही आणि असे जंतू बऱ्याचदा शरीराच्या प्रतिकारशक्तीपुढे कमजोर पडतात, म्हणून दुसरा फेज असा निवडला की जो कॅप्सूल नसलेल्यालाही धरेल. आता दोघांचं मिश्रण करून बघतेय. शिवाय फुटलेल्या पेशींचं एंडोटॉक्सिन (जंतूच्या आवरणातलं विष) लायसेटमध्ये (पेशी फुटून फेज बाहेर आलेल्या द्रवात) राहतं, ते काढल्याशिवाय प्राण्यांवरच्या टेस्टचं नावही घेता येत नाही, सध्या तेच काम चालू आहे. कुणाला सुरू करायचं असेल तर आधी आपल्या सगळ्या आयसोलेटचे कॅप्सूल टाइप काढून घ्या, मग कुठला फेज कशावर का चालत नाही हे शोधत बसावं लागत नाही.